टूरच्या बसमधून उतरल्यावर २० मिनिटांत चांगलं जेलाटो कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं म्हणजे चार प्रश्न आहेत. मे महिन्यात बडोद्याहून ग्रुप टूरने इटली, रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस, बरोबर सासू-सासरे आणि ८ वर्षांचा मुलगा. सासूबाईंना अंडं अजिबात चालत नाही, सासऱ्यांना डायबेटिस. जेलाटो, म्हणजे इटलीतलं आइस्क्रीम, तर खायचंच आहे, पण नेटवर प्रत्येकाची दुकानांची यादी वेगळी आणि नियम वेगळे, भडक रंग नको, डोंगर रचलेला नको, स्टीलचं झाकण असेल तरच घ्या वगैरे, तर यातलं खरं किती. आणि शेवटी हळूच विचारलंय की एवढे युरो मोजून "आपल्याकडचं काय वाईट होतं" असं तर होणार नाही ना, आणि येताना काही आणता येईल का.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. आणंदला डेअरी टेक्नॉलॉजी शिकलो, मग बरीच वर्षं आइस्क्रीमच्या मोठ्या प्लांटमध्ये नोकरी, आणि आता बडोद्यातच अलकापुरीच्या बाजूला स्वतःचं छोटं युनिट आहे, मागे एक इटालियन बॅच फ्रीझर, म्हणजे एका वेळी थोडं थोडं गोठवणारं मशीन, पुढे काउंटर. ते मशीन शिकायला बोलोन्याच्या बाजूला गेलो होतो, तेव्हापासून खोड लागलीय, कुठल्याही गावी गेलो की बायको देऊळ शोधते आणि मी लोकांच्या काउंटरमध्ये डोकावतो.

आता मुद्दा. याद्या सगळ्या चुकीच्या आहेत असं नाही, पण तुमच्या उपयोगाच्या नाहीत. ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजर त्रेवीच्या कारंज्यापाशी उतरवून म्हणणार, २० मिनिटं, बरोबर इथेच भेटायचं. त्यातली ८ मिनिटं फोटोत जाणार, सासूबाईंना बाथरूम शोधून द्यायचं, आणि यादीतलं दुकान निघणार दीड किलोमीटरवर. म्हणजे तुमची अडचण दुकान शोधायची नाहीये, समोर जी तीन-चार दुकानं दिसतायत त्यातलं कुठलं हे काचेबाहेर उभं राहून दोन मिनिटांत ठरवायची आहे. ते जमतं, आणि त्याला इटालियन यावं लागत नाही.

थोडं तंत्र सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. आपल्याकडे आइस्क्रीम म्हणायचं तर कायद्याने दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं. जेलाटोमध्ये ते साधारण ४ ते ८ टक्के असतं, कारण दूध जास्त आणि क्रीम कमी. दुसरं, हवा. फॅक्टरीच्या आइस्क्रीममध्ये मिक्सच्या, म्हणजे गोठवायच्या आधीच्या मिश्रणाच्या, जवळपास तेवढीच हवा घुसवता येते, एक लिटर मिक्सचं दोन लिटर आइस्क्रीम, जेलाटोचं मशीन सावकाश फिरतं म्हणून हवा बरीच कमी, वीस-तीस टक्क्यांच्या आसपास. आणि तिसरं, आपण फ्रीझर उणे १८ ला ठेवतो, जेलाटोचा काउंटर उणे १२ ते उणे १४ ला चालतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, तर जीभ कमी बधिर होते, जिभेवर फॅटचा थर कमी बसतो, आणि चव लगेच कळते. म्हणून जेलाटोमध्ये चांगला माल घातला तर तो लगेच कळतो आणि खराब माल घातला तर तोही लगेच कळतो, लपवायला फॅट नाही. याच कारणासाठी तुमच्या "आपल्याकडचं काय वाईट होतं" या प्रश्नाचं उत्तर असं, की चांगल्या दुकानात "एवढं काय" होणार नाही, आणि वाईट दुकानात शंभर टक्के होणार, तेव्हा आपल्याकडच्या पॉटच्या आइस्क्रीमची आठवण काढाल आणि ते बरोबरच असेल.

आता काचेसमोर उभे आहात. सगळ्यात आधी पिस्ता बघा. का, तर पिस्ता महाग आहे, आणि महाग गोष्टीतच दुकानदाराची नियत दिसते. पिस्ता भाजून बारीक दळला की त्याचा रंग मातकट हिरवा होतो, खाकीकडे झुकणारा, कारण हिरवं क्लोरोफिल उष्णतेने मरतं. पोपटी, चमकणारा हिरवा दिसला तर तिथे रंग आहे, आणि पिस्त्याच्या नावाखाली बऱ्याचदा बदाम आणि इसेन्स. मी हे रोज भोगतो. काउंटरवर येणारा दर तिसरा माणूस विचारतो "काका, पिस्ता असा का, हिरवा नाही?" आणि मी चमचाभर हातात देतो, आधी खा, मग बोल. खाल्ल्यावर बहुतेक गप्प होतात, काही जण तरीही केसर-पिस्ता मागतात, असो.

पण इथे एक बारकावा आहे जो नेटवरचे लोक सांगत नाहीत. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर ब्रोंते नावाचं गाव आहे, तिथला पिस्ता मुळातच गर्द हिरवा असतो, दोन वर्षांतून एकदाच पीक घेतात, आणि काही कारागीर तो अगदी हलका भाजतात किंवा भाजतच नाहीत. त्याचं जेलाटो खाकी नसतं, जरा हिरवटच दिसतं. तेव्हा हिरवा दिसला की फेका असं करू नका. फरक असा की खऱ्या पिस्त्याच्या हिरव्यात करडेपणा असतो आणि बारीक ठिपके दिसतात, रंगाचा हिरवा मात्र सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत. आणि चाखल्यावर खऱ्यात भाजलेल्या दाण्याची चव आणि किंचित खारटपणा लागतो. बदामाच्या इसेन्सचा तो गोडसर, बेकरीसारखा वास आला की समजा गेले पैसे. आणि हो, पाटीवर "ब्रोंते" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, जितक्या दुकानांच्या पाट्यांवर ब्रोंते आहे तितका पिस्ता त्या एका गावात कुठून येणार.

पिस्त्यानंतर केळं आणि पुदिना. केळ्याचं जेलाटो पिवळं नसतं, फिकट, जरासं राखाडी असतं, आपण घरी केळं मिक्सरमधून काढून ठेवलं की जे होतं तेच. पिवळाधमक केळं म्हणजे रंग. पुदिना पानांचा काढा करून केला तर जवळपास पांढराच निघतो. लिंबू पांढरं. स्ट्रॉबेरी पाण्यातली असेल तर गडद लाल, दुधातली असेल तर मळकट गुलाबी. यातलं काहीही चॉकलेटच्या चांदीसारखं चमकत असेल तर पुढचं दुकान बघा.

आता डोंगर. ट्रेच्या काठावर वीतभर रचलेलं, वर फळांच्या फोडी, बिस्किटं, चॉकलेटच्या गोळ्या खोचलेल्या. लोक म्हणतात हे वाईट, आणि मी म्हणतो बहुतेक वेळा वाईट, पण कारण समजून घ्या. त्या काउंटरमध्ये थंड हवा ट्रेच्या काठापर्यंतच नीट फिरते. काठाच्या वर जे आलं ते गरम हवेत. उणे १२ चं मऊ जेलाटो तिथे तासभरही उभं राहणार नाही, म्हणून उभं ठेवायला त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे घट्ट धरून ठेवणारा गम, जास्त घाला, वनस्पती फॅट घाला, नाहीतर काउंटर इतका थंड करा की आतलं दगड होतं. तिन्हीत चव मरते. शिवाय वरचा भाग दिवसभर हवेला आणि दिव्याला उघडा, तो विकला जातो शेवटी, कारण शोभेचा आहे ना. पण काठाच्या चार बोटं वर स्पॅच्युलाने काढलेली लाट असेल तर तो नुसता हाताचा छंद आहे, त्यात काही बिघडत नाही, मीही काढतो. आणि भरगच्च गर्दीच्या दुकानात जिथे ट्रे अर्ध्या तासात संपतो तिथे थोडी उंचीही चालून जाते.

झाकणांचं उलटं आहे. स्टीलच्या गोल खड्ड्यांवर झाकणं असतात त्याला पोत्सेत्ती म्हणतात, जुनी पद्धत, आत अंधार, तापमान स्थिर, हवा लागत नाही, माल उत्तम टिकतो. पण ती आता फॅशनही झालीय, पावडरचं जेलाटो करणाराही झाकणं बसवून घेतो. आणि झाकणाखाली तुम्हाला रंग दिसणार नाही, म्हणजे वरची सगळी परीक्षा रद्द. तिथे पाटी वाचायची. आणि "आर्तिजानाले" म्हणजे हाताने केलेलं, हा शब्द तर प्रत्येक दुकानावर असतो, त्याच्यावर काहीही ठरवू नका.

पाटीवर मी काय बघतो सांगतो. किती फ्लेवर आहेत. छोट्या दुकानात ४० फ्लेवर असतील तर ते रोज ताजे होऊच शकत नाहीत, मला माझ्या एका मशीनवर दिवसाला १४-१५ करताना घाम फुटतो. १२ ते २० असतील तर शक्यता चांगली. मग मोसम. तुम्ही मेमध्ये जाताय, तिथे मेमध्ये स्ट्रॉबेरी असते, महिनाअखेरीस चेरी यायला लागते. लिंबू कायमच चांगलं. पण त्याच पाटीवर मे महिन्यात अंजीर आणि द्राक्षं दिसली तर ती फ्रोझन प्युरी आहे, त्यात विष नाही, पण मग ते ताज्या फळाचे पैसे कसले घेतात. आणि मँगो कृपा करून घेऊ नका. बडोद्याच्या माणसाने मे महिन्यात, घरी केसरच्या पेट्या सोडून, रोममध्ये डब्यातल्या पल्पचा आंबा खायचा याला काय म्हणावं.

स्टॅबिलायझरवरून एक गोष्ट मनात आली म्हणून सांगतो, कारण लोक ई नंबर बघून घाबरतात. ई ४१० म्हणजे कॅरोबच्या शेंगेच्या बियांचं पीठ आणि ई ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गम, आपल्या गवारीचाच, जगातला बहुतेक गवार गम भारतातून जातो आणि त्यातला बराच राजस्थानातून. हे चिमूटभर प्रत्येक चांगला कारागीर घालतो, मीही घालतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी बर्फाचे कण होतात. घाबरायचं तर ते यादीत वनस्पती फॅट, नारळ किंवा पामचं तेल दिसलं तर, आणि रंगांची रांग दिसली तर.

दुकान ठरलं, आत गेलात. आता माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं, यात बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पहिल्यांदा ज्या दुकानात जाल तिथे आधी फिओर दि लात्ते चाखा. नुसतं दूध, क्रीम, साखर. व्हॅनिला नाही, अंडं नाही, काही नाही. आपण नव्या खानावळीत वरण-भातावरून स्वयंपाकी ओळखतो, तसंच हे. चॉकलेट, कॉफी, नटेला यांच्याखाली वाईट बेस, म्हणजे खालचं दुधाचं मिश्रण, झाकता येतो, फिओर दि लात्तेखाली काहीच झाकता येत नाही. एक छोटा चमचा चाखायला मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात, एक-दोन मागा, सहा-सात मागू नका, मागे रांग असते आणि आपली माणसं ग्रुपने जाऊन प्रत्येकी पाच चमचे मागतात तेव्हा त्या पोरींचे चेहरे मी पाहिलेत.

तो चमचा तोंडात ठेवला की घाई करू नका, जिभेवर वितळू द्या. आधी जर नुसती थंडीच लागली आणि चव मागाहून आली तर पाणी जास्त आहे, माल कमी. बारीक रेतीसारखं लागलं तर दूध पावडर जास्त पडलीय, तिच्यातली लॅक्टोज साखर स्फटिक होऊन बसलीय. च्युइंगमसारखं ओढलं जात असेल, चमचा उचलताना तार आली, तर गम जास्त. गिळल्यावर टाळूला मेणचटपणा राहिला तर ते दुधाचं फॅट नाही, बाहेरचं आहे. आणि खाऊन दोन मिनिटांत घसा पाणी मागायला लागला तर साखर जास्त, ही तर सगळ्यात मोठी खूण आहे, टुरिस्ट जागांवर हाच आजार जास्त. चांगलं फिओर दि लात्ते खाल्ल्यावर तोंडात फक्त दूध राहतं, ताज्या तापवलेल्या दुधाचा वास, आणि तोंड स्वच्छ.

ते पास झालं की मग मोकळेपणाने मागा. माझी आवड विचाराल तर नोच्चोला म्हणजे हेझलनट, उत्तरेतल्या पिएमोंतेचं हेझलनट फार चांगलं असतं, आणि त्याच्याबरोबर चोक्कोलातो फोंदेन्ते, गडद चॉकलेट. नाहीतर स्त्राच्चातेल्ला, म्हणजे फिओर दि लात्तेमध्ये वितळलेल्या चॉकलेटची धार सोडून तिचे तुकडे केलेले, १९६० च्या दशकात बेर्गामो गावात सुरू झालं, आणि मुलांना हमखास आवडतं. छोट्या कपातही दोन फ्लेवर मिळतात, पैसे कपाच्या साइजचे असतात, फ्लेवरचे नाही. मी एक दुधाचा आणि एक फळाचा शेजारी ठेवत नाही, लिंबू दुधात मिसळलं की दोन्ही वाया, पण हे ज्याचं त्याचं.

आता सासूबाई. हे नीट वाचा कारण इथे अंदाजाने चालत नाही. क्रेमा म्हणजे पिवळसर रंगाचं, ते अंड्याच्या बलकाचंच. झाबायोने अंडं आणि वाइन. तिरामिसू, झुप्पा इंग्लेझे, मालागा यातही अंडं असतंच असं धरून चाला, आणि यातल्या शेवटच्या दोन्हीत दारूही, मालागात रम. झुप्पा इंग्लेझेत आल्केर्मेस नावाचं लाल लिकर पडतं आणि त्याचा पारंपरिक लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून येतो, म्हणजे सासूबाईंसाठी तिहेरी बंद. फ्लोरेन्सला बुओन्तालेन्ती नावाचा फ्लेवर दिसेल, १६व्या शतकातल्या तिथल्या एका आर्किटेक्टच्या नावाचा, तोही विचारल्याशिवाय देऊ नका. व्हॅनिला पिवळट दिसला तर अंडं समजा. फिओर दि लात्ते, स्त्राच्चातेल्ला, पिस्ता, हेझलनट यात सहसा अंडं नसतं, पण सहसा. काही दुकानं सगळ्या फ्लेवरला एकच अंड्याचा बेस वापरतात, म्हणून दरवेळी विचारायचं.

विचारायचं कसं, तर "सेन्त्सा उओवा?" म्हणजे बिनअंड्याचं का. आणि नुसत्या मानेवर विश्वास ठेवू नका, कारण गर्दीत काउंटरवरची मुलगी सी सी, म्हणजे हो हो, म्हणून मोकळी होते. युरोपात कायदाच आहे की सुट्या पदार्थांत ॲलर्जीच्या १४ गोष्टींपैकी काय आहे ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, अंडं, दूध, सुका मेवा त्यात येतो. इटलीत जेलाटोच्या दुकानात घटकांची एक पाटी किंवा फाइल ठेवलेली असते, ती मागा, "इंग्रेदिएन्ती" म्हटलं की दाखवतात, आणि त्यात "उओवा" किंवा "तुओर्लो" म्हणजे बलक शोधा, ॲलर्जीचे शब्द जाड अक्षरात असतात. जाता जाता "जेलातिना" दिसतंय का तेही बघा, ते प्राण्यांच्या हाडांचं-कातडीचं. कोन मागू नका, कप मागा, कारण काही ठिकाणी कोनच्या पिठात अंडं असतं आणि ते त्या फाइलमध्ये शोधत बसायला वेळ नाही.

आणि स्पॅच्युला. एकाच स्पॅच्युलाने क्रेमा काढून लगेच पिस्ता काढतात, मधे पाण्यात बुडवतात तेवढंच. सासूबाई अंडं खात नाहीत ते आवडत नाही म्हणून की नियम म्हणून, यावर हे अवलंबून आहे. आवडत नाही म्हणून असेल तर सोडून द्या. नियम असेल तर स्वच्छ स्पॅच्युला मागा, "स्पातोला पुलीता, पेर फावोरे", हसून म्हटलं की देतात. त्याहून कडक पाळत असतील, म्हणजे मशीनही वेगळं हवं, तर तसं दुकान टूरमध्ये मिळणं कठीण. काही दुकानं पूर्ण व्हीगन असतात आणि मोठ्या शहरांत ती वाढतायत, तशी पाटी दिसली तर आत शिरा, तिथे मशीनमध्येही अंडं जात नाही.

सासऱ्यांचं. इथे लोक हमखास उलटं करतात, "तुम्ही फळाचं घ्या, दुधाचं नको." फळाच्या सॉर्बेमध्ये दूध नाही, फॅट नाही, मग ते मऊ कशाने राहतं, तर साखरेने. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून सॉर्बेत ती २५ टक्क्यांच्या पुढे सहज जाते, आणि दुधाच्या जेलाटोत २० च्या आसपास. म्हणजे लिंबाचं सॉर्बे आंबट लागतं म्हणून कमी गोड समजू नका, ते सगळ्यात जास्त साखरेच्या फ्लेवरपैकी एक. त्यांनी घ्यायचंच तर सगळ्यात छोटा कप, हेझलनट किंवा पिस्ता, जेवणानंतर, आणि नंतर चालणं, तसंही टूरमध्ये चालणं भरपूर. "सेन्त्सा झुक्केरो" म्हणजे बिनसाखरेचं काही ठिकाणी मिळतं, पण त्यात बहुधा माल्टिटॉल असतं, त्याने शुगर अजिबात वाढत नाही असं नाही, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. तीन तास म्युझियमच्या रांगेत उभं राहायचं असेल त्या दिवशी तर नकोच. बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी आइस्क्रीमवाला आहे.

मुलगा निळं मागणार. पुफ्फो म्हणतात त्याला, निळा रंग आणि व्हॅनिलासारखी काहीतरी चव. वर लिहिलेल्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध आहे ते, घेऊन द्या एकदा, जीभ निळी करून फोटो काढेल, त्यासाठीच ते असतं.

पैशाचं थोडं. बऱ्याच दुकानांत आधी कास्सावर म्हणजे गल्ल्यावर साइज सांगून पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग ती काउंटरवर दाखवून फ्लेवर सांगायचे. छोट्या गावातल्या दुकानात उलटं, आधी घ्या मग द्या. छोटा कप साधारण अडीच ते चार युरोत यायला हवा. प्रसिद्ध जागांजवळ एक जुना खेळ चालतो, तुम्ही नुसतं "कोन" म्हणता आणि तो चॉकलेटात बुडवलेला भला मोठा वॅफल कोन भरून हातात देतो आणि मग बिल ऐकून सासऱ्यांची शुगर नाही, बीपी वाढतं. म्हणून तोंड उघडताना पहिला शब्द साइजचा, "कोप्पेत्ता पिक्कोला", आणि भिंतीवर दरपत्रक नसेल तर बाहेर या. वरून पान्ना म्हणजे फेटलेलं क्रीम हवं का विचारतील, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे, विचारून घ्या. खुर्चीवर बसलात की दर वेगळा, उभ्याने खा. पण उभ्याने कुठे तेही बघा, रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून बसायलाच बंदी आहे, दंड करतात, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात जमिनीवर बसून खाल्लेलं चालत नाही. आपल्याला सूरसागर तळ्याच्या पाळीवर बसून खायची सवय, तिथे ते महाग पडेल.

दुकान कुठलं याचं एक साधं उत्तर तरीही देतो. स्मारकाच्या तोंडावरचं दुकान टाळा, दोन गल्ल्या आत जा, जिथे पाटी फक्त इटालियनमध्ये आहे आणि रात्री नऊनंतर घरची माणसं, आजी, नातू, कुत्रं अशी उभी दिसतात तिथे खा. रात्री हॉटेलजवळ वेळ मिळाला तर तोच खरा मोका, दुपारच्या २० मिनिटांपेक्षा. रोममध्ये जुनी नावं आहेतच, फास्सी १८८० पासून आणि जोलित्ती १९०० पासून, मोकळा वेळ मिळाला आणि मुलाला तो जुना थाट दाखवायचा असेल तर जरूर जा, पण रांग बघून ठरवा, तिथेही आधी फिओर दि लात्तेच. आणि टूर बोलोन्याला थांबत असेल तर गावाबाहेर आन्झोलात कार्पिजानी कंपनीचं जेलाटोचं म्युझियम आहे, पण ग्रुप टूरमध्ये ते जमणार नाही, उगाच टूर मॅनेजरशी भांडू नका.

येताना आणायचं. जेलाटो अर्थातच येणार नाही. पिस्त्याची पेस्ट आणता येते, आणि घरी दूध-साखर-थोडं क्रीम आटवून त्यात ती घालून फ्रीझरमध्ये ठेवली, दर अर्ध्या तासाने काटा चमच्याने फेटली, तर बऱ्यापैकी काम होतं. पण सुपरमार्केटात "क्रेमा दि पिस्ताक्यो" लिहिलेली बरणी आणि शुद्ध पेस्ट यात गल्लत करू नका. मागचं लेबल फिरवून टक्केवारी बघा, क्रेमात पिस्ता बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी असतो, बाकी साखर आणि तेल, ती ब्रेडला लावायला. शुद्ध पेस्टवर १०० टक्के लिहिलेलं असतं आणि ती बरीच महाग असते. आणि कुठलीही घेतली तरी चेक-इनच्या बॅगेत टाका, विमानतळावर अशी बरणी लिक्विड धरतात, बऱ्याच विमानतळांवर हँडबॅगेत १०० मिलीच्या वरची अजूनही काढून घेतात, आणि ती तुमच्यासमोर डस्टबिनमध्ये जाते.